कुबडी, कॅलिपर आणि वाकणारा गुडघा

सज्जनगडावर समर्थ रामदासांच्या वापरातील म्हणून ज्या वस्तू जपून ठेवल्या आहेत, त्यांत एक कुबडी आहे. ही कुबडी लंगड्याची नव्हे. जपाला किंवा ध्यानाला बसलेल्या साधकाने काखेखाली घेऊन तिच्यावर भार टाकायचा, एवढेच तिचे मूळ काम. म्हणजे ती चालण्याचे साधन नसून बसण्याचे साधन होती. पुढे केव्हा तरी मराठीत हा शब्द घसरला. आज 'कुबडी' म्हटले की अपंगत्व डोळ्यांपुढे येते, आणि वृत्तपत्रांत 'कुबड्यांवर उभे असलेले सरकार' असे लिहिले की त्यात केवळ हेटाळणी असते. एका शब्दाच्या अर्थाचा हा प्रवास कोशकारांनी पाहावा असा आहेच. पण मला त्यात आधाराच्या साधनांचा एक इतिहासही दिसतो. कुबडी पाहायला गडाच्या पायऱ्या चढणाऱ्यांपैकी निम्मे तरी लोक एक हात कठड्यावर आणि दुसरा गुडघ्यावर ठेवून चढत असतात. त्यांच्या त्या दुसऱ्या हाताविषयी पुढे बोलायचे आहे.

अलीकडे गुडघ्यावर बांधायच्या यंत्रचलित पट्ट्यांची चर्चा ऐकू येते. मांडीला आणि पोटरीला आवळलेले दोन पट्टे, मध्ये बिजागरी, बिजागरीशी छोटी मोटर किंवा हवेने फुगणारा भाग, कमरेला बॅटरी. पाय कोणत्या कोनात आहे, टाच टेकली की उचलली, हे संवेदक टिपतात; माणूस खुर्चीतून उठू पाहतो आहे की जिना उतरतो आहे याचा अंदाज यंत्र घेते आणि मांडीच्या पुढच्या स्नायूने जो जोर लावायचा त्यातला काही भाग स्वतः लावते. पक्षाघात झालेल्यांना उभे करणारे सर्वांगी सांगाडे वेगळे आणि दुखऱ्या गुडघ्याला उसनी ताकद देणारे हे पट्टे वेगळे. दोहोंची गल्लत पुष्कळदा होते. हे सगळे अगदी नवे, परग्रहावरून आल्यासारखे सांगितले जाते. वस्तुतः त्याच्या मागे दीडशे वर्षांची लोखंडाची आणि चामड्याची परंपरा आहे. त्या परंपरेत एक प्रश्न सतत चुकवला गेला. सातारा-सांगलीच्या मुलखातून पाहिले म्हणजे तो प्रश्न स्वच्छ दिसतो.

आपल्या वाङ्मयाला पांगळेपण नवे नाही. ऋग्वेदातल्या विश्पलेचा पाय लढाईत तुटला आणि अश्विनीकुमारांनी तिला लोखंडी जंघा बसवली, असा उल्लेख आहे. (विश्पला ही स्त्री नसून घोडी असावी, असाही तर्क काही अभ्यासकांनी केला आहे. असो.) सूर्याचा सारथी अरुण हा मांड्यांवाचून जन्मलेला, म्हणून 'अनूरु'. पंगूने डोंगर ओलांडावा ही कृपेची उपमा तर कीर्तनकारांच्या जिभेवरच असते, आणि एकनाथांनी भारुडांत आंधळ्या-पांगळ्यांना बोलते केले. पण या सगळ्यांत पांगळेपण एक तर चमत्काराने जाते, नाही तर अध्यात्माचे रूपक होते. गुडघा नावाची बिजागरी दिवसभरात किती वेळा आणि किती अंशांत वाकते, याची दखल घ्यायचे कुणाला कारण पडले नाही. भाषेनेही गुडघ्याला फारसे बरे वागवलेले नाही. गुडघे टेकणे म्हणजे शरण जाणे, आणि लग्नाला उतावळा झालेला माणूस गुडघ्याला बाशिंग बांधतो!

आधुनिक इतिहास सुरू होतो तो एका हाडवैद्याच्या घराण्यात. ह्यू ओवेन थॉमस (१८३४–१८९१) याचे पूर्वज वेल्समध्ये पिढ्यान्‌पिढ्या हाडे बसवीत. हा स्वतः रीतसर डॉक्टर होऊन लिव्हरपूलच्या गोदीकामगारांच्या वस्तीत राहिला. आपल्याकडे तालमीच्या आसऱ्याने हाड बसवणारे वस्ताद असत, त्यांची आठवण यावी असेच ते घराणे. थॉमसने आपल्या घराशीच लोहार आणि चामड्याचे काम करणारे कारागीर ठेवले होते. १८७५ च्या सुमारास त्याने प्रसिद्धीस आणलेली गुडघ्याची पट्टी अगदी साधी होती : मांडीच्या मुळाशी चामड्याने मढवलेले कडे आणि त्यातून निघून पायाच्या दोन्ही बाजूंनी खाली जाणाऱ्या लोखंडी सळया. तत्त्व एकच, दुखणाऱ्या सांध्याला सक्तीची, अखंड आणि लांबलचक विश्रांती. त्याच पट्टीच्या सळया बुटाच्या टाचेत अडकवल्या की ती पट्टी घालून रोग्याला हिंडता येई. आपण ज्याला 'कॅलिपर' म्हणतो तो यातूनच आला.

थॉमसच्या हयातीत त्याचे फारसे कौतुक झाले नाही. पहिल्या महायुद्धात मात्र त्याचा भाचा रॉबर्ट जोन्स याच्या आग्रहाने ही पट्टी आघाडीवर पोचली. मांडीचे हाड गोळीने मोडलेले सैनिक युद्धाच्या आरंभी मोठ्या संख्येने मरत. शंभरांत ऐंशी मृत्यूंचे प्रमाण या पट्टीमुळे वीसच्या खाली आले, असे वैद्यकाच्या इतिहासांत वर्षानुवर्षे छापले गेले. या आकड्यांविषयी पुढे शंका घेतल्या गेल्या, परंतु पट्टीने जीव वाचवले याविषयी वाद नाही.

हे युद्ध साताऱ्याला परके नव्हते. ज्या जिल्ह्यात 'अपशिंगे मिलिटरी' या नावाचे गाव आहे, त्या जिल्ह्याला मेसोपोटेमिया हे पुस्तकातले नाव वाटत नसे. परत आलेल्या जायबंदी शिपायांसाठी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघाले आणि १९२२ मध्ये ते खडकीला हलले. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. म्हणजे सातारा-सांगलीच्या शिपायाला कृत्रिम पायाची वाट पुण्यात सापडू लागली. पण ती वाट शिपायाला होती. शेतात किंवा झाडावरून पडून अधू झालेल्या कुणब्याला काठीच होती; आणि दुखणे फार झाले तर निरगुडीचा पाला, एरंडाचे पान व गरम विटेचा शेक.

मिरजेचा उल्लेख इथे आलाच पाहिजे. विल्यम वान्लेस या कॅनडात जन्मलेल्या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय उघडले आणि त्या संस्थानी गावाची ख्याती दवाखान्यांचे गाव अशी होत गेली. १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही तिथेच आले. याच गावाची दुसरी ख्याती तंबोऱ्यांची. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात भोपळा हाती घेतला आणि सतारमेकर झाले. अब्दुल करीम खाँसाहेब याच गावी राहिले. मला या योगायोगाची नेहमी गंमत वाटते. एका गल्लीत जे वाद्य घडते ते मांडी घालून बसल्याखेरीज नीट वाजत नाही, आणि दुसऱ्या गल्लीतल्या दवाखान्यातून बाहेर पडताना माणूस हमखास एक सूचना घेऊन येतो : आता खाली बसू नका, मांडी घालू नका.

स्वातंत्र्यानंतरच्या काही दशकांत कॅलिपर हा शब्द मराठी घरांत शिरला तो पोलिओमुळे. भारतातला वन्य विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. त्याआधीच्या पिढीने वर्गात एक तरी मूल असे पाहिले आहे. ज्याच्या मांडीचा पुढचा स्नायू लुळा पडला आहे असे मूल कॅलिपरवाचून चालू लागले की प्रत्येक पावलाला वाकून आपला पंजा गुडघ्याच्या वर टेकवी. कुणी शिकवलेले नसे. स्नायू गुडघा सरळ धरू शकत नाही, तेव्हा ते काम हाताने करायचे. गडाच्या पायऱ्यांवरचा तो हात हाच. जगातला गुडघ्याचा पहिला पट्टा म्हणजे माणसाचा स्वतःचा तळहात.

कॅलिपरने तो हात मोकळा केला आणि त्याची किंमत म्हणून गुडघा बंद केला. सळईच्या बिजागरीवर एक कडी असते. मूल उभे राहिले की ती घसरून खाली बसते आणि पाय खांबासारखा ताठ होतो. बसायचे तर कडी वर ओढायची. बाकावर बसताना तो 'खट्ट' आवाज सगळ्या वर्गाला ऐकू जाई. उभे राहण्याचा सन्मान वाकण्याच्या मोबदल्यात मिळत असे. थॉमसचे विश्रांतीचे तत्त्व आजारी सांध्यासाठी होते. पुढे तेच निरोगी पण दुबळ्या गुडघ्यालाही लावले गेले, आणि ताठ पाय म्हणजे बरा पाय असे एक समीकरण नकळत रूढ झाले.

या समीकरणाला ठाम नकार दिला तो जयपूरने. शल्यचिकित्सक प्रमोद करण सेठी यांच्या लक्षात आले की पाश्चात्त्य पद्धतीचे कृत्रिम पाय घेऊन गेलेले खेडूत काही दिवसांतच ते कोपऱ्यात टाकतात आणि कुबड्यांकडे परततात. पाय उत्तम होते, पण ते बूट घालणाऱ्यासाठी आणि खुर्चीवर बसणाऱ्यासाठी होते. चिखलातून अनवाणी जाणे, उकिडवे बसणे, मांडी घालणे यांपैकी काहीच त्यांना जमत नव्हते. रामचंद्र शर्मा या फारसे न शिकलेल्या पण असामान्य हाताच्या कारागिराबरोबर सेठींनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस रबराचा पाय घडवला. १९८१ साली सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांचे नाव त्या मानाने मागे राहिले, हेही नमूद केले पाहिजे. जयपूर पायाची स्वस्ताई सर्वांना ठाऊक आहे. माझ्या मते त्याची खरी थोरवी स्वस्ताईत नाही. रोगी साधन का टाकून देतो, हा प्रश्न तिथे रोग्याला दोष न देता विचारला गेला.

हाच प्रश्न गुडघ्याला लावून पाहू. सपाटीवर चालताना गुडघा साधारण ६० ते ६५ अंशांपर्यंत वाकतो. जिन्याला आणि खुर्चीतून उठायला ९० अंशांच्या आसपास लागतात. मांडी घालायला आणि पुरते उकिडवे बसायला १३० आणि त्याहून अधिक. भाराचे गणितही असेच चढते आहे : कृत्रिम सांध्यांत मोजमापाची साधने बसवून बर्लिनच्या संशोधकांनी जे आकडे काढले, त्यांनुसार सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीचपटीहून थोडा अधिक भार येतो आणि जिना उतरताना तो साडेतीनपटीच्या घरात जातो. आता साताऱ्या-सांगलीतला एक दिवस डोळ्यांपुढे आणावा. सकाळी शौचाला उकिडवे, अंगण सारवायला उकिडवे, गोठ्यात धारेला उकिडवे, चुलीपुढे पाटावर, पंगतीत मांडी घालून. शेतात भांगलणीला बाया ओळीने बसतात त्या तासन्‌तास चवड्यांवरच पुढे सरकतात. ऊस तोडताना कंबरेत आणि गुडघ्यात वाकून बुंध्याशी कोयता मारायचा, मग मोळी डोक्यावर घेऊन उभे राहायचे आणि फळीवरून गाडीत चढायचे. या मुलखातले आयुष्य मुळी वाकलेल्या गुडघ्यावर उभे आहे. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आपल्या संस्थानात सूर्यनमस्काराचा एवढा ध्यास घेऊन बसले होते. त्या नमस्कारातही गुडघा प्रत्येक आवर्तनात पुरता दुमडतोच.

तेव्हा गुडघ्याच्या झिजेचा आजार इथे केवळ चालण्याचा आजार नाही. तो आधी जमिनीशी असलेले नाते तोडतो. कीर्तनाला मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची रांग लागते, पंगतीच्या कडेला एक टेबल येते, न्हाणीघरात मधोमध भोक असलेली खुर्ची येते. ज्याच्या घरी ही खुर्ची आली त्याला बोलीत कुणी अपंग म्हणत नाही; पण देवासमोर खाली बसता येत नाही हे सांगताना म्हाताऱ्या माणसाचा आवाज उतरतो.

यंत्राचा इतिहास या सगळ्यापासून दूर, भलत्याच स्वप्नांतून चालत आला. १८९० साली निकोलस याग्न या रशियातील शोधकाने अमेरिकेत एक पेटंट घेतले : पायांना समांतर धनुष्यासारख्या स्प्रिंगा बांधून चालणे, धावणे आणि उड्या मारणे सोपे करायचे. १९६० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिक कंपनीने 'हार्डिमन' नावाचा सांगाडा बांधायला घेतला. त्याचे स्वतःचे वजनच सुमारे ६८० किलो, आणि संपूर्ण यंत्र माणूस आत असताना चालवण्याची हिंमत कधी झाली नाही. एका हातापुरतेच ते धड चालले. या दोन्ही स्वप्नांत धडधाकट पुरुषाला अतिमानव करायचे होते. अधू माणसाचा विचार करणारा पहिला मोठा प्रयत्न बेलग्रेडला मिओमिर वुकोब्रातोविच यांनी त्याच सुमारास केला. हवेच्या दाबावर चालणारे त्यांचे सांगाडे पक्षाघात झालेल्यांसाठी होते. पुढे जपानमध्ये योशियुकी सांकाई यांचे स्नायूंचे विद्युत्‌संकेत ओळखणारे 'हाल' आले, इस्रायलमध्ये अमित गोफर यांचे 'रीवॉक' आले. स्वतः गोफर अपघाताने चारही अवयवांनी अधू झालेले. त्यांच्या यंत्राला २०१४ साली अमेरिकेत घरगुती वापराची परवानगी मिळाली, तेव्हा त्याची किंमत सत्तर हजार डॉलरच्या आसपास होती. गुडघ्यापुरते सुटे पट्टे ही या झाडाला नंतर फुटलेली फांदी.

या साऱ्या कुळकथेत 'उभे राहणे' या कल्पनेला फार मान आहे. तो मान किती रास्त, याचे उत्तर सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांच्या चरित्रात शोधावे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेला हा मुष्टियोद्धा सैनिक १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहला आणि ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक घेऊन आला. त्यांना पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडले. २०२४ मध्ये त्यांच्यावर हिंदी चित्रपट निघाला तेव्हा कुठे नव्या पिढीला नाव कळले. पेटकरांना पाण्याने आधार दिला. उभे राहण्याची अट पाण्याने घातली नाही. शेजारच्या कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभारली आणि आपल्या आत्मकथनाला 'चाकाची खुर्ची' हे नाव दिले. या शीर्षकात खंत नाही. चाक हे तिथे साधन आहे, जसे एखाद्याला चष्मा. मराठी आत्मकथनांची एवढी चर्चा आपण करतो, तीत या पुस्तकाला जेवढी जागा मिळायला हवी होती तेवढी मिळाली नाही, हे जाता जाता.

याचा अर्थ यंत्रचलित पट्टा निरुपयोगी आहे, असा मुळीच नाही. तो नेमके त्या तळहाताचे काम करतो. मांडीचा पुढचा स्नायू जेवढा कमी ओढेल तेवढी वाटी सांध्यावर कमी दाबली जाते, म्हणून उठताना आणि उतरताना वेदना कमी होणे तर्काला धरून आहे. काठीविषयीही एकेकाळी असाच संकोच होता. १९५६ साली वॉल्टर ब्लाउंट या अमेरिकी अस्थितज्ज्ञाला काठी फेकून देऊ नका, असे सांगणारा आख्खा लेख लिहावा लागला. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते, हे आजही कितीजणांना माहीत असते? साधन कितीही साधे असो, ते वापरण्याची विद्या लागतेच. आणि नव्या लोखंडाविषयीचा संशय आपल्याकडे टिकत नाही, हेही पाहिलेले आहे. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराने जमीन विषारी होईल असे शेतकरी म्हणत. १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि काही वर्षांत तोच नांगर घरोघर गेला. पण तो गेला तो इथल्या जमिनीत आणि इथल्या बैलांमागे चालला म्हणून.

गुडघ्याच्या पट्ट्याची परीक्षा तशीच व्हायला हवी. खुर्चीतून उठणे, जिना आणि सपाट रस्ता या तीन गोष्टी समोर ठेवून जे घडवले जाते, ते नव्वद-शंभर अंशांपुढे गुडघ्याच्या मागे रुतू लागले, तर घालणारी बाई भांगलणीला बसताना ते सोडून ठेवील. वैशाखातल्या घामात मांडीवरचा पट्टा किती वेळ जागेवर राहतो? ओल्या सरीत मोटर चालते का? काष्ट्याच्या नऊवारीवर पट्टा बांधता येईल, सहावारीवर कसा बांधायचा? हे प्रश्न क्षुल्लक वाटतात. जयपूरला जे प्रश्न विचारले गेले तेही असेच होते.

आषाढात ज्ञानेश्वरांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, लोणंदला थांबते, आणि तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाशी पहिले उभे रिंगण होते. अश्व धावून गेल्यावर वारकरी टापांखालची माती कपाळी लावायला वाकतात. तरणी पोरे वाकतात आणि क्षणात उभी होतात. म्हातारी माणसे आधी काठी मातीत रोवतात, एक गुडघा हळूच टेकतात, माती घेतात. मग दुसऱ्या गुडघ्यावर पालथा पंजा दाबून, विठ्ठलाचे नाव घेत, उठतात.